बीमकडे पाठ

६ मार्च
सकाळी ट्रामनं क्लबवर गेलो. निहालचा जिम्नॅस्टिक्सचा सराव दहा ते एक. बीमच्या अरुंद पट्टीवरून चार वेळा पडली. येताना पाव आणला. जेवलो. माझी बायको इन्साफ जाऊन तेरा दिवस झाले. दाढी टोचते आहे — टोचू दे, चाळिसाव्या दिवसापर्यंत वस्तरा लावायचा नाही.

निहाल तेवीस वर्षांची. सहा वेळा देशाची विजेती, आफ्रिकेतलं एक सुवर्ण, गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया. अठ्ठावीस तारखेची स्पर्धा शेवटची, असं आईला सांगून बसली होती. आणि आता बीमवर उलटी कोलांटी घेतली की पडते! "उभं राहताना कुठं बघायचं तेच कळत नाही, बाबा." एवढंच सांगितलं आणि परत वर चढली. माझीच मुलगी.

८ मार्च
वगीहाताई आली. मोठी बहीण, तिच्यापुढं आमचं काय चालणार! निहाल कैरोला खेळायला जाणार हे ऐकून चहाचा ग्लास खाली ठेवला.

"चाळीस दिवस व्हायच्या आत घरात रेडिओ लावत नाहीत, आणि ही गाण्यावर नाचणार?"

"आत्या, नाच नाही तो. फ्लोअरचा, जमिनीवरच्या कसरतींचा प्रकार आहे."

"मग गाणं कशाला? मुकाट्यानं उड्या मार!"

"गाणं नसेल तर गुण कापतात."

"कापू देत. लोक आपलं नाक कापतील त्याचं काय?"

शेवटी ठरलं — ताईही बरोबर येणार, आणि गाणं लागलं की कानात बोटं घालणार. म्हणजे निदान घरातल्या एकानं तरी सुतक पाळलं!

१३ मार्च
पुन्हा पडली. तीनदा.

१७ मार्च
ताई आता रोज सरावाला येते. ताअमिय्याचे गरम वडे घातलेले पाव घेऊन. मुली आधी तिच्याकडे धावतात, मग प्रशिक्षक कॅप्टन तहानीकडे. आज बाकावरून ओरडली, "अगं, गुडघा ताठ ठेव!" कॅप्टन ताईला म्हणाल्या, "हाज्जा, उद्यापासून शिट्टी तुम्हीच घ्या." बऱ्याच दिवसांनी निहाल हसली. बीमवरून मात्र पडलीच.

२१ मार्च
आज मातृदिन. दोघांपैकी कुणीच त्याचं नाव काढलं नाही.

निहाल दहा वर्षांची असताना बीमवरून पडून तिचं मनगट मोडलं. त्या वेळी इन्साफ मनातल्या मनात म्हणत होती, किती सुंदर दिसतेय माझी पोर. झालं! "माझीच नजर लागली." तेव्हापासून बीमची पाळी आली की ती खुर्ची फिरवून पाठ करून बसायची, मांडीवर तपकिरी पर्स घेऊन. लोक हसायचे.

आणि मग मला विचारायची. "सांग ना, रिफअत, काय काय केलं?" मी सांगायचो. उडी कशी घेतली, पाय किती वर गेला. घरी पोचेपर्यंत सांगत असायचो, मी! कचेरीत दिवसभरात दहा शब्द बोलणारा माणूस. "डुलली का?" हे शेवटी असायचंच. मी म्हणायचो, जराही नाही. डुललेली असली तरी.

२७ मार्च
कैरोला आलो. बरोबर इन्साफची पर्सही घेतली. कपाटात एकटी बघवेना.

२८ मार्च
जिंकली! सातव्यांदा!

नीट लिहितो. बीमचा प्रकार शेवटी होता. निहाल वर चढली आणि माझा धीर सुटला. तिला पडताना बघायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मीही खुर्ची फिरवली. रुमालासाठी पर्स उघडली तर पावडरची डबी हाताला लागली. उघडली. इन्साफचा वास आला — आणि झाकणातल्या आरशात बीम! अख्खा! वरच्या खिडकीतून ऊन येत होतं. निहाल कोलांटी घेऊन उभी राहिली. डुलली. सावरली. खाली उतरली ती दोन्ही पायांवर, खिळा ठोकल्यासारखी.

मी पर्सकडे बघून म्हणालो, "जराही डुलली नाही." सवय!

फ्लोअरला ताईनं ठरल्याप्रमाणे कानात बोटं घातली होती. पाय मात्र ताल धरत होता. शेवटी गुणांचे आकडे लागले आणि हिनं लग्नात घालतात तशी लांबलचक किलकारी घातली! अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, "मी नव्हते ती."

२९ मार्च
परतीच्या गाडीत ताई घोरत होती. निहाल हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"मम्माच्या आरशाचं. त्याचा कवडसा समोरच्या भिंतीवर पडायचा. उभं राहताना मी तिथंच बघायचे. काल परत दिसला."

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"ती म्हणायची, आरशातून बघितलं की नजर लागत नाही. पण तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

"का?"

"म्हणायची, बाबांना कळलं तर ते सगळं सांगायचं बंद करतील."

२ एप्रिल
चाळिसावा. फातिहा म्हटली. माणसं जेवून गेली. निहाल क्लबवर गेली, छोट्या मुलींना शिकवायला.

म्हणजे इन्साफला सगळं माहीत होतं. प्रत्येक डुलणं.

पावडरची डबी खिडकीत उघडून ठेवली. साबण लावला. आरसा छोटा, एका वेळी एकच गाल दिसतो. सावकाश दाढी केली.