काटा आत आणला

आत्या,

आज माझ्या दवाखान्यात नऊ वर्षांची मुलगी आली. वजनाचा काटा बाहेरच असतो. नर्सनं सवयीनं वजन मोठ्यानं सांगितलं, बाकावरचं कुणीतरी फिसकन हसलं. माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्या मुठीत केसांतल्या क्लिपा होत्या. वजन कमी भरावं म्हणून काढलेल्या.

पाहुण्यांसमोर "बघा आमची ढब्बू!" म्हणत तू मला काट्यावर चढवायचीस, तेव्हा मीही काढायचे.

काटा तडक आत आणला. तिच्या आईला बजावलं, "हिला एकटीला उपाशी मारायचं नाही. ताटं सगळ्यांची बदला, चालायलाही सगळे जा." क्लिपा मीच तिच्या केसांत लावल्या.

हे पत्र पाठवणार नाही. सोमवारी तू शुगर दाखवायला येशीलच. तुझंही वजन मी दार लावूनच करीन.

तुझी,
ढब्बू