जूनमधला प्रवाह

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
१४ जुलै २०२४

चि. अर्पिता,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. काकांचं बीपी आटोक्यात आहे. क्वार्टरला रंगकाम चाललंय, त्यामुळे सगळं सामान मधल्या खोलीत.

त्या सामानात आमच्या लेकीचं, कादंबरीचं, समुद्रविज्ञानाचं पहिल्या वर्षाचं पुस्तक सापडलं. पंधरा दिवस ऑफिसातही तेच वाचतेय. खारेपणाने पाणी जड होतं, एवढं कळलं. आपल्याकडचे प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलतात, हेही. म्हणून विचारते. ३ जूनला, लक्षद्वीपजवळ कादंबरी तुमच्या संशोधन जहाजावरून पडली, तेव्हा पाणी दक्षिणेकडे वाहत असणार ना? वेग अर्धा नॉट धरला तरी दिवसाला बावीस किलोमीटर. मी नकाशावर पट्टीने रेघ ओढलीय. तिच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. नऊ दिवस शोध चालला, पण इतक्या खाली दक्षिणेला कुणी गेलं होतं का?

काका म्हणाले, "कुमुद, बस कर. एक्केचाळीस दिवस झाले." त्यांच्याशी मी बोलणं टाकलंय.

तुला निलंबित केल्याचं तुझ्या आईकडून कळलं. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "कुमुदताई, माझी मुलगी जेवत नाही हो."

चौकशीत मी लिहून दिलं की तू तिला बळजबरीने डेकवर पाठवलंस, असं तिनेच मला फोनवर सांगितलं होतं. तिने तसं सांगितलं नव्हतं, अर्पिता. जहाजावरच्या सॅटेलाइट फोनवरून ती म्हणाली, "आई, जहाज फार हलतंय. भीती वाटतेय. अर्पिता म्हणते, आज पाण्याचे नमुने नकोत, केबिनमध्येच थांब."

मी म्हणाले, "अर्पिताची पीएचडी झालीय, तुझी व्हायचीय. दोन वर्षं याच नमुन्यांसाठी थांबलीस ना? मग भित्रेपणा कसला?"

"अच्छा," म्हणाली आणि फोन ठेवला. तासाभराने ती पडली.

काल चौकशी समितीला खरं काय ते लिहून स्पीड पोस्टाने पाठवलं. नक्कल सोबत जोडलीय. माफी मागायला हात धजत नाही. तरी रेघेचं तेवढं सांग. तिकडे शोधण्यात अर्थ नसेल तर तसं लिही. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही.

काका भाजी आणायला गेलेत. आले की त्यांनाही सांगणार आहे. त्यानंतर या घरात माझ्याशी कोण बोलेल, ठाऊक नाही.

कादंबरीला डेकवर पाठवणारी,
कुमुद