कोळणीच्या घरचा वास

४ नोव्हेंबर, मंगळवार

कार्टीने आज माझी टोपली जिन्यात ठेवली! घराबाहेर! चपला काढतात तिथे! म्हणते, "आजी, घरात वास येतो." अगो, याच टोपलीवर तुझा बाप मोठा झाला. नातीच्या नाकाला आता पंख फुटलेत.

या फोनशी बोललं की तो लिहितो. रुचिकानेच लावून दिलं, गणपतीत, आमचं बोलणं होतं तेव्हा. "तुला दिवसभर कोणीतरी ऐकायला लागतं ना, याचं डोकं खा." मला अक्षर कळत नाही. म्हणजे माझं गुपित माझ्यापासूनसुद्धा लपलेलं. झकास!

६ नोव्हेंबर, गुरुवार

तिचं ताट वेगळं. साबण वेगळा. टॉवेल वेगळा. मांदेली तळली तर नाक दाबून आत गेली. माझी सून नंदा म्हणते, "जाऊ द्या ना आई, परीक्षा आहे तिची." कसली परीक्षा! कॉलेजात तो यज्ञेश आहे ना, लोखंडवाल्याच्या टॉवरातला, दाढी कोरलेला. त्याला घरी आणायचा असणार. त्याआधी आम्हाला धुऊन काढायचं चाललंय.

मला नका शिकवू वास. माझ्या नवऱ्याने, अनंताने, धाकट्याच्या बाळंतपणानंतर स्वतःचं अंथरूण उचललं आणि पडवीत टाकलं. "मंजुळे, तुला समुद्रात बुचकळली तरी वास जायचा नाही." मी म्हटलं, कोळणीला काय मोगऱ्याचा येईल? मार्केटात बाया या गोष्टीवर पोट धरून हसायच्या. मीच सांगायचे, रंगवून.

रडले नाही मी तेव्हा. ही कोण लागून गेली!

९ नोव्हेंबर, रविवार

लढाई म्हणजे लढाई. आज सगळे बोंबील तिच्या खिडकीच्या जाळीला वाळत घातले. ओळीने, तोरणासारखे. घे, वास घे!

१० नोव्हेंबर, सोमवार

खिडकी बंद करून आत घामाघूम बसलीय. कॉलेजला गेली नाही. हरेल तीच, मी नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळपासून मोरीत. दार वाजवलं, "वेसाव्याचं सगळं पाणी तूच संपव!" दाराखालून पांढरं, दुधासारखं पाणी आलं. लादी पुसायच्या औषधाचा वास. म्हटलं, बघा, आता मोरी पण आमच्यामुळे घाण झाली.

मग आत ओरडली. दाबून, उशीत तोंड घालून ओरडतात तशी.

भिंत धरत बाहेर आली, पाय फाकून. मी म्हटलं, "काय गो, खेकडा चावला?"

एरवी दहा शब्द सुनावले असते मला. आज एक नाही. नुसतं बघितलं आणि गेली. मला ते बघणं आवडलं नाही. भांडणारी पोर बरी — गप्प पोर म्हणजे तळाला भोक पडलेली होडी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बोंबील मीच काढले. आत गेले. म्हटलं, "हरले मी. आता बोल."

भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आजी, टोपलीचा नाही. माझाच येतो तो वास. खालून."

उन्हाळ्यापासून! पांढरं जातं, वास येतो. त्या यज्ञेशने तिला तोंडावर सांगितलं — जवळ आल्यावर, नको त्या वेळी — "यार, कितीही धू, शेवटी कोळीणच ना तू." आणि मित्रांना सांगितलं. आता वर्गात हिच्या फोनवर माशांची चित्रं येतात. पोरीला वाटलं खरंच आहे. घरातून आलंय, रक्तातून आलंय. म्हणून मासे सोडले, टोपली बाहेर काढली. तरी जाईना म्हणून लादीचं औषध पाण्यात कालवून आत धुवायला लागली. रोज. आग होईस्तोवर.

आणि मी बोंबलांचं तोरण बांधत होते.

इतके महिने घरात तीन बायका आणि दोघींना पत्ता नाही! लागणार कसा? दुसऱ्या घरात असा वास आला असता तर आईने हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्याकडे वास आला की विचारतात, आज काय मिळालं, सुरमई की मुशी?

नंदाला आज नाही सांगणार. ती रडत बसेल, मग मला दोघींना सांभाळावं लागेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. त्या टोणग्याने पोरीला पहिला प्रश्न काय विचारला? "लग्न झालंय का?" नाही म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. "मग हा असला त्रास कसा काय झाला? आईला घेऊन ये." रुचिका उठायलाच लागली.

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हाला खोकला झाला तर आधी लग्नाची पत्रिका दाखवता का?" बाहेर बाकावर बसलेले लोक हसले. तो लाल झाला. फी मागत होता! दिली नाही.

घरी आल्यावर पोर दारात म्हणाली, "बघितलंस? म्हणून नव्हते सांगत."

१७ नोव्हेंबर, सोमवार

बायकांच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर शर्मिष्ठा म्हणून आहे. तिला पण मी आधी डोळे वटारूनच बघितलं. तिने विचारलं, "संबंध आलेत का?" रुचिकाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जाऊ मी बाहेर?" म्हणाली, "बस गं." बसले. छताकडे बघितलं. छत चांगलं होतं.

"आले."

डॉक्टरणीने भुवई हलवली नाही. तपासलं. म्हणाली, "हा माशांचा वास नाही, जातीचा नाही, घाणीचाही नाही. आतले चांगले जंतू कमी झाले की असा वास येतो. कुठल्याही घरातल्या बाईला होतं. आत औषध घालून धुतलंस, त्याने आणखी बिघडलं. आता साधं पाणी, तेही बाहेरूनच." आठवडाभराच्या गोळ्या दिल्या. बाकी तपासण्याही लिहिल्या. पुढे कुणाबरोबर असशील तर निरोध वापरायचा, हे पण स्पष्ट सांगितलं. माझ्यासमोर! मी परत छत बघितलं.

मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, "झोप येते? जगू नये असं वाटतं कधी?"

रुचिका म्हणाली, "कधी कधी. जेट्टीवर गेले होते एकदा. मढची फेरीबोट येईपर्यंत उभी होते. मग परत आले."

जेट्टी आमच्या घरापासून हाकेवर आहे. मी त्या दिवशी काय करत होते? कोळंबी सोलत असेन.

डॉक्टरणीने तिथेच फोन करून एका बाईंची वेळ घेतली, मनाचं बघणाऱ्या. दर गुरुवारी जायचं. मला म्हणाली, "आजी, एकटी सोडू नका सध्या. आणि घरी आणखी एकीला सांगा." मी मान हलवली.

नंदाला सांगितलं. रडली. पण रडून झाल्यावर उठली आणि लादीचं औषध मोरीत ओतून टाकलं, अख्खी बाटली. माझी सून तशी बरी आहे. तिला सांगू नये.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

माझं ठरलं होतं. मुशी भरलेली टोपली घेऊन कॉलेजच्या गेटवर बसायचं. तो दाढीवाला आला की, "ये रे बाबा, वास घे! चांगला घे!" चाळीस वर्षं मार्केटात घालवलीत, अख्खं कॉलेज ऐकेल असा आवाज आहे माझा.

रुचिका म्हणाली, "आजी, तू गेलीस तर मी परत कधीच जाणार नाही तिथे."

मुशीचं कालवण केलं. कोळणीला तोंड मिटायला सांगणं म्हणजे छळ आहे, लिहून ठेव रे फोना!

२० नोव्हेंबर, गुरुवार

त्या मनवाल्या बाईंकडून आली. डोळे सुजलेले. ताट घेतलं, माझ्याच बाजूला बसली. "कालवण खारट झालंय." म्हटलं, आली जागेवर.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कॉलेजला गेली. त्याला फोनमधून काढून टाकलाय. वर्गात कोणीतरी परत माशाचं चित्र पाठवलं तर हिने उलट लिहिलं, "पापलेट आहे. तुला परवडणार नाही." मला सांगताना हसली. टोपली पण घरात आणून ठेवलीय — ओलीच! लादी खराब केली गाढवीने.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शर्मिष्ठा डॉक्टरकडे परत दाखवायला नेलं. वास गेला, आग गेली. रुचिका चपला घालत होती. तेवढ्यात डॉक्टरणीला सहज विचारलं, हे असं बाळंतपणानंतर पण होतं का? म्हणाली, होतं. औषध नाही घेतलं तर वर्षानुवर्षं येत राहतं का? म्हणाली, येऊ शकतं. का हो आजी?

काही नाही, म्हटलं.

अनंता मरेपर्यंत पडवीत निजला. आठवडाभराच्या गोळ्या होत्या.