ॲसिडिटीची बाटली

आई, काल मी लेकीच्या शाळेत जाऊन चाळीस पोरांसमोर ‘फिट’ हा शब्द मोठ्यानं उच्चारला. तू असतीस तर मला दंडाला धरून बाहेर ओढलं असतंस आणि दातओठ खात म्हणाली असतीस, “चक्कर म्हण गं, चक्कर!” आपल्या बरकतपुऱ्याच्या घरात तो शब्द कधी आलाच नाही. मला चक्कर यायची, पित्त व्हायचं, ऊन लागायचं. डिसेंबरातसुद्धा ऊनच लागायचं, कमाल आहे तुझी! शेजारच्या खाला दारातून विचारायच्या, “क्या हुआ बच्ची को?” आणि तू माझ्या तोंडाचा फेस पदरानं पुसता पुसता म्हणायचीस, “कुछ नै, धूप लगी.” मी शुद्धीवर येत असायचे, जीभ चावलेली असायची, आणि पहिलं जे काही कानावर पडायचं ते हे खोटं.

माझ्या लग्नाच्या आधीची ती दुपार मला अजून दिसते. स्वयंपाकघराचं दार तू आतून लावलं आहेस, पाटावर बसली आहेस, आणि माझ्या फिटच्या गोळ्या एकेक करून पाकिटातून काढून ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरते आहेस. “कुणी विचारलं तर पित्ताच्या आहेत म्हणायचं.” मी विचारते, “आणि नवऱ्याला?” तू वर न बघता म्हणतेस, “एक मूल होऊ दे, मग सांग.” बाटलीचं झाकण तू इतकं घट्ट लावलंस की सासरी पहिल्या दिवशी ते मला उघडेचना.

पुढं काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण तू ते कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीस. दसऱ्याच्या दुपारी सासूबाईंना पुरणपोळी जड झाली. त्यांनी माझ्या कपाटातली बाटली काढली आणि दोन गोळ्या तोंडात टाकल्या. संध्याकाळी सोनं द्यायला आलेली माणसं दारात, आणि सासूबाई गाढ झोपलेल्या. हलवलं तरी डोळा उघडेना. नवरा डॉक्टरांना फोन करायला निघाला. तेव्हा मी ती बाटली त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर येऊन तपासून गेले म्हणून निभावलं, नाहीतर तुझ्या त्या युक्तीनं माझ्या हातून काय होऊन बसलं असतं! दुसऱ्या दिवशी सासूबाई उठल्या, चहा मागितला आणि म्हणाल्या, “आजार काय, कुणालाही होतो. पण तुम्ही मायलेकींनी मला वेड्यात काढलंत.” महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मग एके दिवशी जेवताना त्यांनी स्वतःच माझ्या ताटाशेजारी गोळी आणून ठेवली. आणि तू? तू फोनवर म्हणालीस, “एवढंही लपवता आलं नाही तुला?” मी फोन आपटला. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

तू गेलीस तेव्हा माझी लेक पाळण्यात होती. आता सातवीत आहे, आणि दोन वर्षांपासून तिलाही फिट्स येतात. तिच्या गोळ्या मी फ्रिजवर ठेवते, पाकिटासकट, नाव दिसेल अशा. पाहुण्यांनी वाचावं खुशाल. गेल्या आठवड्यात ती वर्गात पडली. शिपायानं नाकाला चप्पल लावली, कुणी दातांत चमचा कोंबला, ओठ फाटला. मी आबिड्सच्या ऑफिसातून धावत पोचले तर मोठ्या बाई म्हणतात, “थोडे दिन घर पे रखो मॅडम, दूसरे पेरेंट्स पूछ रे.” माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “नै रखती. वो सोमवार को आएगी, मैं भी आऊँगी. मेरेको आधा घंटा दो.” त्यांनी वहीत वेळ लिहून घेतली.

तर काल गेले. वर्गात जमिनीवर शिपायालाच आडवं केलं, तोही बिचारा तयार झाला. कुशीवर कसं वळवायचं, कॉलर कशी सैल करायची, डोक्याखाली दप्तर सरकवायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर ॲम्ब्युलन्स. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. चप्पल नको, कांदा नको, किल्ली नको. पोरं खिदळली, मग एकेक करून पुढं येऊन वळवून बघायला लागली. मागच्या बाकावरून लेक बघत होती. शेवटी एका मुलीनं हात वर केला, “आंटी, आपको इतना सब कैसे मालूम?”

मी म्हणाले, “डॉक्टर ने बताया.”

परतताना ऑटोत लेक म्हणाली, “मम्मी, तू तुझं का नाही सांगितलंस? मी एकटीच होते ना तिथे.” आज तिला हे कागद द्यावेत म्हटलं, तर तिला मराठी धड वाचता येत नाही, आणि मोठ्यानं वाचून दाखवायची माझी छाती होत नाही. तुला तर कुठून पोचणार. तेव्हा इतका वेळ तुझ्या नावानं खडे फोडून झाल्यावर हेही लिहून टाकते, आई. डॉक्टरांचं ते खोटं तोंडातून निघालं, त्या मुलीनं मान डोलावली, आणि मला हायसं वाटलं.