गॅस संपल्यानंतरचे पाच रोल

प्रिय दाजी,

तीन रविवार झाले, मी तुरुंगाच्या फाटकावर नाव लिहून देतो आणि शिपाई परत येऊन सांगतो, भेटायला तयार नाहीत. बरोबर आहे तुमचं. तुमच्या जागी मी असतो तर मीही माझं तोंड बघितलं नसतं. म्हणून हे पत्र वकीलबाईंच्या हाती पाठवतोय. फाडायचं तर खुशाल फाडा, पण वाचून मग फाडा. माझं एक काम आहे तुमच्याकडे. ते शेवटी लिहितो, कारण आधी लिहिलं तर पुढचं तुम्ही वाचणारच नाही. सतरा वर्षं मेहुणा आहे मी तुमचा, एवढं तर ओळखतो.

ताई आमच्याकडेच आहे. छापखान्याने तुमची खोली रिकामी करून घेतली तेव्हा दोन ट्रंका आणि शिलाई मशीन घेऊन आली, ती अजून ट्रंका उघडायला तयार नाही. लागेल तेवढं झाकण वर करते, एक साडी काढते, पुन्हा कडी लावते. बरी आहे असं लिहिणार होतो, पण खोटं तरी किती लिहायचं? सकाळी सगळ्यांच्या आधी उठते, माझा डबा भरते, धाकटीची वेणी घालते, मला म्हणते, नीट जा. बस्स, दिवसाला एवढेच दोन शब्द. एक शिवी घातली असती ना दाजी, तर मला दोन घास सुखाने गेले असते. आणि एक नवीनच खूळ लागलंय तिला. घरात मिठाची पिशवी येवो की चहाचं पाकीट, फळीवर ठेवायच्या आधी ती त्यावरची छपाई अंगठ्याने घासून बघते. चांगली दहा-पंधरा वेळा घासते, मग अंगठा उजेडात धरते. आता माझ्या दोन्ही पोरी तेच करतात. त्यांना तो खेळ वाटतो. बायको मला डोळ्यांनी विचारते, हे काय चाललंय, आणि मी पेपरात डोकं घालतो.

तुम्हाला आठवतं, या कारखान्यात मला चिकटवलंत तुम्हीच. छापखाना रस्त्याच्या अलीकडे, पाकिटांच्या प्लास्टिक फिल्मचा कारखाना पलीकडे, मध्ये चहाची टपरी. तुम्ही तिकडच्या साहेबांना म्हणालात, पोरगा हुशार आहे, फक्त तोंडाळ आहे. पहिल्या दिवशी मला प्लाझ्मा मशीनसमोर उभं केलं आणि त्या झिरोच्या दिव्यासारख्या जांभळ्या उजेडाकडे मी आ वासून बघत राहिलो. फिल्म त्याखालून सरसर जात होती आणि डोळ्यांना तर काहीच फरक दिसत नव्हता. तुम्ही मधल्या सुट्टीत आलात, दोन तुकडे घेतलेत, दोन्हींवर पाण्याचा थेंब सोडलात. कोऱ्या प्लास्टिकवर थेंब मण्यासारखा घरंगळला, उजेडाखालून गेलेल्यावर पसरून बसला. म्हणालात, हे बघ, प्लास्टिक म्हणजे हट्टी पोर, कोणाला अंगाला हात लावू देत नाही. तू त्याला समजावून पाठवायचं, मग माझी शाई त्याच्यावर बसेल. त्या दिवसापासून माझ्या कामाला तुम्ही दिवाबत्ती खातं म्हणायला लागलात. काय दिवाबत्ती खातं, वीज आहे ना आज? टपरीवर सगळ्यांसमोर विचारायचात, आणि मी चिडायचो. आता तसं कोणी विचारत नाही. टपरीवर मी जातच नाही.

आणि मग ती आपली खूण. साहेबांना पत्ता नाही, वहीत नोंद नाही. मी स्वतः तपासलेल्या रोलच्या आतल्या पुठ्ठ्यावर लाल पेनने एक गोल काढायचो, आणि तो गोल दिसला की तुम्ही तुमच्याकडची, छपाईवर टेप लावून ओढून शाई निघते का ते बघायची तपासणी करायचा नाहीत. घरचा माल आहे, म्हणायचात, आणि वहीत तपासलं म्हणून सही करून टाकायचात. रोलमागे दहा मिनिटं वाचायची. तुमच्या हाताखालच्या लोकांनी एकदा विचारलं तर त्यांना म्हणालात, मेहुण्याने तोंड वर करून सांगितलेलं खोटं असू शकतं, पण त्याने मान खाली घालून केलेलं काम खोटं नसतं. हे मला टपरीवाल्याने सांगितलं होतं. मी आठवडाभर छाती फुगवून फिरलो होतो.

आता त्या दिवसाचं. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगायचं राहिलं. दुपारचा एक वाजला होता, पाळी तीनला सुटायची. मशीनला लागणाऱ्या गॅसचा सिलिंडर संपला. नवीन आणायचा तर मशीन थांबवायचं, कोठारात अर्ज द्यायचा, सुपरवायझरची सही घ्यायची. त्याच सकाळी तो मला चारचौघांत बोलला होता, तुझंच मशीन सारखं कसं थांबतं, घरी झोपायला मिळत नाही का? ते माझ्या डोक्यात गेलं होतं. म्हटलं, जा उडत, आता थांबवतच नाही. गॅसशिवायही उजेड पडतो, फिका पडतो, पण पडतो. तशाच उजेडाखालून पाच रोल काढले. फिल्म तपासण्याचं पेन खिशातच होतं, दाजी. काढून एक रेघ मारायची होती फक्त. रेघेचे थेंब होतील, म्हणजे शाईही बसणार नाही, हे मला माहीत होतं म्हणूनच मारली नाही. आणि पाचही पुठ्ठ्यांवर लाल गोल काढले. हे कोणी सांगितलं नव्हतं, सुपरवायझरने नाही, कोणीच नाही. सवयीने हात फिरला असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. सवयबिवय काही नाही. गोल नसता तर तुम्ही टेप लावली असती, रोल परत आले असते आणि माझी अब्रू गेली असती.

त्या पाच रोलची तापाच्या पावडरची पाकिटं झाली. लहान मुलांच्या पाकिटावर हिरवी पट्टी, मोठ्यांच्या पाकिटावर निळी, बाकी आकार एक, रंग पांढरा. खोक्यात एकमेकांवर घासून पट्टीही गेली आणि डोसचा आकडाही गेला. सुटी पाकिटं विकणाऱ्या कुठल्याशा दुकानदाराने कोरी पाकिटं एका बरणीत टाकली, आणि एका आईने चार वर्षांच्या मुलीला तीन दिवस मोठ्या माणसाचा डोस पाजला. मुलगी गेली. तुम्ही त्या मुलीचा फोटो कोर्टात एकदाच पाहिलात आणि मान वळवलीत. मी पाहिला नाही, मी मागच्या बाकावर बसून बूट बघत होतो. पण तिचं वय मला विसरता येत नाही, कारण माझी धाकटी त्याच वयाची आहे आणि तिला ताप आला की मी घरातून बाहेर निघून जातो. बायकोला वाटतं, मी निर्दयी आहे.

आता जे कधी बोललो नाही ते लिहितो. चौकशी सुरू झाली तेव्हा तुम्हाला अजून काही ठाऊक नव्हतं. तुम्ही शाईच्या डब्यांचे नमुने काढून ठेवत होतात, रात्रंदिवस डोकं धरून बसला होतात. मी एका दुपारी, तुम्ही घरी नसताना, ताईकडे गेलो. ती डाळ निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. सगळं सांगितलं. आणि सांगून थांबलो असतो तरी माणूस राहिलो असतो. मी म्हटलं, ताई, माझ्या पोरी लहान आहेत, तुम्हाला मूलबाळ नाही, दाजींची नोकरी दोनच वर्षं राहिलीय. हे मी बोललो. तिला मूल नाही हे तिच्या तोंडावर मी, तिच्या मांडीवर वाढलेला भाऊ, हिशेबात धरून बोललो. तिने डाळीचं ताट बाजूला सरकवलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, जा घरी, मी बघते. संध्याकाळी तिने तुम्हाला सगळं सांगितलं आणि माझं नाव घ्यायचं नाही म्हणून स्वतःच्या जिवाची शपथ घातली. दुसऱ्या दिवशी तुम्ही जबाब दिलात, शाई मीच जास्त पातळ केली होती, तपासणी न करता सही मीच केली. दुसरं वाक्य तरी खरं होतं. तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो. नीट जेवलो, दाजी. भूक लागली होती.

मागच्या मंगळवारी मी चौकशी अधिकाऱ्यांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. कोठाराच्या वहीच्या त्या पानाची नक्कलही दिली, ज्यात नवीन सिलिंडर दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्याची नोंद आहे. त्यांनी चहा मागवला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मेहुणा ना तुम्ही? कळतं मला, घरच्या माणसासाठी माणूस काहीही बोलतो. गुन्हा त्यांनी स्वतः कबूल केलाय. आयुष्यात एकदा खरं बोललो, तर ते नात्यातलं खोटं ठरलं. वकीलबाई म्हणतात, तुम्ही स्वतः आधीचा जबाब खोटा होता असं लिहून दिलंत तरच माझ्या बोलण्याला किंमत आहे, आणि अपिलाची मुदत शुक्रवारी संपते. तो कागद या पत्राबरोबर आहे. तुम्ही सही करणार नाही, हे त्यांना वाटतं तसं मलाही वाटतं. शपथ मोडायची नाही म्हणून तुम्ही तिथे कुजत राहाल. म्हणून काल मी पुन्हा ताईच्या समोर जमिनीवर बसलो. या वेळी रडलो नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, त्यांना लिही, शपथ सुटली. मी विचारलं, माझ्याबद्दल काय लिहू? ती उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. ती मुलगी काही परत येत नाही, ताईही मला परत मिळेल असं वाटत नाही, माझ्या पोरींना काय सांगायचं ते मला सुचलेलं नाही. तरी सही करा, दाजी. तुम्ही बाहेर या आणि मला आत येऊ द्या.

तुमचाच,
मेहुणा