खडखडीचे खांब

सोमवार, ६ मार्च

होणार! खडखडी परत चालू होणार!!

गॅरेथ स्वतः दुकानात आला सांगायला. मी माशांना पीठ लावत होते, हात कोपरापर्यंत बरबटलेले. तशीच काउंटरबाहेर आले. "सत्तावीस मे, शनिवार," म्हणाला. "मागचं वळण तेवढं राहिलंय, नोरीन." मी त्याला मिठीच मारली. त्याच्या कोटाला पीठ लागलं. सुतार माणूस, भुशाची सवय, काही बोलला नाही. रांगेतली बाई मात्र म्हणाली, "आमचे चिप्स करपतायत."

करपू देत! किनाऱ्यावरच्या त्या लाकडी रोलर कोस्टरसाठी एकोणीस वर्षं थांबले मी.

मंगळवार, ७ मार्च

झोप नाही. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालंय. कामावर जायच्या आधी किनाऱ्याने जाऊन बघून आले. खालच्या चढावर नवीन लाकूड पिवळंधमक, बाकी सगळं जुनं, राखाडी. समुद्राचा वारा आला की अजून कुरकुरते. तोच आवाज. लहानपणी खिडकीतून तो आला की समजायचं, बाबांची पहिली खेप सुटली.

खडखडीच्या रुळांना ब्रेक नाही. कधीच नव्हता. तीन डबे, आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये ब्रेकवाला उभा, हातात लाकडी दांडा. उतारावर किती सोडायचं, वळणाआधी किती धरायचं, सगळं त्याच्यावर. एकतीस वर्षं तिथे बाबा उभे होते. सकाळची पहिली रिकामी खेप, तिच्यात मी त्यांच्या बाजूला. "हाताने नाही, पोरी. तळव्यांनी ऐक." मी ऐकायचे. शाळेत काही शिकले नाही, ते मात्र शिकले.

आता दांडा मी धरणार. गॅरेथ म्हणतो, तो धरता येणारं दुसरं कोणी उरलंयच कुठे.

रविवार, १२ मार्च

बाबांकडे गेले. म्हाताऱ्यांच्या त्या घरात कायम उकडलेल्या कोबीचा वास. सांगितलं त्यांना. वाटलं, रडतील. नाहीतर हसतील तरी! चमचा घेऊन टेबलाचा पाय ठोकत बसले. टक टक टक. हल्ली सगळंच ठोकतात. खुर्च्या, दार, पलंग.

"पहिल्या खेपेला तुम्ही पुढच्या डब्यात बसायचं," मी म्हटलं.

"चहा थंड झाला," म्हणाले.

शहाऐंशी वय. डॉक्टर म्हणतो, छातीत पाणी होतंय, उन्हाळा निघाला तर नशीब. मला उन्हाळा नको. मला फक्त सत्तावीस मे पाहिजे.

शनिवार, १८ मार्च

लिंडसे क्रॅडक रोज खडखडीवर येते. डब्यांची पितळी कडी घासते, सगळ्यांना चहा देते. तिच्या बापाची होती खडखडी. २००४ च्या मार्चात मागचं अर्धं वळण जळलं आणि सगळं बंद पडलं. विम्यासाठी त्यानेच पेटवली, गावातलं शेंबडं पोर सांगेल. मी तर त्याला तोंडावर सांगितलं होतं, भर पोस्टात. तो मरेपर्यंत आमच्या दुकानात त्याला मासा दिला नाही मी.

आज म्हटलं तिला, "बापाने जाळली, तू घास आता!"

"पोलिसांना काही सापडलं नव्हतं, नोरीन."

"काडीवर नाव नसतं लिहिलेलं!"

तरी चहा दिला मला. साखर बरोबर घातलेली. जास्तच राग आला.

बुधवार, २९ मार्च

पाऊस. पाऊस. पाऊस.

गुरुवार, ३० मार्च

मागच्या वळणाचे चाळीस जुने खांब राहिलेत, आगीतून वाचलेले. गॅरेथने त्यांच्या बुडाभोवतीची वाळू काढून ठेवलीय. आधी खांब सुकू द्यायचे, मग एकेक बूड ठोकून बघायचं, आतून कुजलंय का, मग डांबर. "दोन आठवडे कोरडे पाहिजेत," म्हणाला. दोन आठवडे! या थॉर्नस्बीत दोन दिवस तरी कोरडं गेलंय का कधी? आणि आता त्याची बहीण आजारी, तो चालला वेल्सला. किती दिवस, ठाऊक नाही.

"हात नका लावू खांबांना, बाई. मी येईपर्यंत."

बाई म्हणाला की समजायचं, मला घाबरतो.

शुक्रवार, ७ एप्रिल

गुड फ्रायडे. वर्षात सगळ्यात जास्त मासे आज विकले जातात. दुपारी चारला पाय सुजलेले. तरी तिथून थेट खडखडीवर. काल-परवा ऊन होतं. खांबाला हात लावला, कोरडा लागला. लिंडसे म्हणाली, "गॅरेथला विचारूया का?"

"तुला कोणी विचारलं?"

डांबर तापवलं. तीन-चार खांब ठोकले, छान वाजले. टण्. मग ठोकत बसायला वेळ कोणाला? वारा फिरला होता, ढग येत होते. लावून टाकलं. काळंकुळीत, चकचकीत! आजचे वीस, उद्याचे वीस.

शनिवार, ८ एप्रिल

चाळीस पूर्ण. केसांत डांबर. लोणी चोळून काढलं. घरभर मरणाचा वास, पण मी खूष.

सोमवार, १७ एप्रिल

गॅरेथ आला. बहीण गेली त्याची. चेहरा उतरलेला. एकेक खांब बघत गेला. मला वाटलं, आता ओरडेल.

"सगळे ठोकलेस ना?"

"हो," म्हटलं.

"चाळीसही?"

"सांगितलं ना, हो!"

मान डोलावली. "ब्रेकवाल्याची पोरगी आहेस. तुझा कान माझ्यापेक्षा चांगला." आणि बुडं वाळूने भरायला घेतली.

आता काय फरक पडतो. दगडासारखं लाकूड आहे ते. शंभर वर्षं उभं आहे.

रविवार, ३० एप्रिल

आज मी ती चालवली!!

डब्यांत माणसांऐवजी वाळूच्या गोण्या. दांडा माझ्या हातात. पहिला चढ, साखळीची खडखड, आणि माथ्यावर एक क्षण काहीच नाही. फक्त समुद्र. मग खाली! तळव्यांतून सगळं आलं वर, लाकूड, रूळ, वारा. वळणाआधी धरलं, बाबा धरायचे तिथेच. बरोबर तिथेच! खाली उतरले तेव्हा मी बावळटासारखी हसत होते. गॅरेथ टाळ्या वाजवत होता. लिंडसे रडत होती. मी तिला म्हटलं, "नाक पूस." त्यापेक्षा वाईट काही सुचलंच नाही.

मागच्या वळणावर काहीतरी मऊ लागलं पायाला. जरासं. नवीन बूट आहेत माझे.

मंगळवार, ९ मे

बाबांना गोण्यांचं सांगितलं. आज डोकं ताळ्यावर होतं त्यांचं. चमचा खाली ठेवला.

"मागचं वळण?"

"झालं. जुनेच खांब ठेवलेत. मी स्वतः डांबर लावलं."

"कधी?"

"ईस्टरला."

"ओल्यावर?" माझं मनगट धरलं. त्या हातात अजून एवढा जोर! "ओल्या लाकडाला डांबर म्हणजे मढ्याला नवा कोट. वरून चकचकीत, आतून पीठ. ठोकलेस?"

मी कप त्यांच्यापुढे सरकवला.

"नोरीन. पाय ठोकलेस का त्यांचे?"

"तुम्ही चहा प्या," म्हटलं आणि निघून आले. बसमध्ये आठवलं. बूट नवीन नव्हतेच. मागच्या वर्षीचे आहेत.

शुक्रवार, १२ मे

उजाडताच गेले. कोणी नव्हतं, फक्त समुद्रपक्षी. बाबांची जुनी मोगरी घेतली होती, लाकडी, मूठ त्यांच्या हाताने झिजलेली. हाताने वाळू उकरली. ठोकलं. टण्. टण्. टण्. सातवा – धप्. ओल्या पावावर थाप मारल्यासारखं.

स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर लावलासुद्धा नाही. मुठीपर्यंत आत गेला.

चाळीसांत नऊ. सगळे समुद्राच्या बाजूचे, वळण जिथे सगळ्यात जास्त झुकतं तिथे.

वाळू परत लोटली. हात धुतले. कामावर गेले.

शनिवार, १३ मे

कोणाला सांगितलं नाही.

रविवार, १४ मे

बाबांकडे गेले नाही. सर्दी आहे असं कळवलं. सर्दी नाही.

पंधरा दिवसांत नऊ खांब बदलायचे म्हणजे वळण उतरवायचं. वळण उतरवायचं म्हणजे हा उन्हाळा गेला. हा उन्हाळा गेला म्हणजे बाबा गेले. हिशोब सोपा आहे, मलासुद्धा येतो.

गोण्यांनी नाही काही झालं. दोन खेपा निघाल्या असत्या तरी. एक! एकच खेप, बाबांना घेऊन, मी हळू धरली असती –

सोमवार, १५ मे

दुकानात एक बाई आली, तीन पोरी बरोबर. धाकटी विचारते, "मावशी, खडखडी तू चालवणार? आम्ही पहिल्या रांगेत बसणार!" मी तिच्या चिप्सवर एवढं व्हिनेगर ओतलं की परत नवे द्यावे लागले.

मंगळवार, १६ मे

सांगितलं.

गॅरेथ करवत चालवत होता. मी म्हटलं, "ती बंद कर. मी खोटं बोलले. ठोकले नव्हते. नऊ कुजलेत."

त्याने करवत बंद केली. एवढी शांतता झाली की पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. मग मोगरी घेतली माझ्या हातातून आणि गेला. मी मागे. नऊच्या नऊ ठोकले. धप्. धप्. एकेका आवाजाला त्याचा चेहरा म्हातारा होत गेला.

"मी बहिणीला पुरत होतो," म्हणाला, "आणि तुला तेवढं थांबता आलं नाही?"

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग फोन करायला गेला. उद्घाटन रद्द. पुढच्या वर्षी, म्हणतो. बघू, म्हणतो.

शनिवार, २० मे

गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. पोस्टात दोघीजणी गप्प झाल्या मी आत गेल्यावर. तिसरी गप्प नाही झाली: "दुसरी क्रॅडक निघाली ही!"

वळण उतरवायला घेतलंय. मीही जाते. गॅरेथ कामापुरतं बोलतो. "ते धर." "हे सोड." कोणी माझ्या बाजूला उभं राहत नाही, एक लिंडसे सोडली तर. आज चहा देताना म्हणाली, "सवय होते, नोरीन. लोक बघतात त्याची. आम्हाला झाली होती."

टोमणा आहे का बघितलं तिच्या तोंडाकडे. नव्हता.

सोमवार, २२ मे

आठवत बसले. क्रॅडकच्या मयताला बाबा गेले होते. मी भांडले होते किती! मागे उभे होते, टोपी हातात. घरी आल्यावर जेवले नाहीत. मी क्रॅडकला शिव्या द्यायला लागले की उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, माझ्या तोंडाचा पट्टा ऐकून कान किटले त्यांचे.

शनिवार, २७ मे

आजचा तो दिवस. ऊन कसं लख्ख! वारा नाही. एवढा चांगला दिवस वर्षात दोनदा येतो इथे. वाळूत बसून एकटीने मासा-पाव खाल्ला. पोरं येऊन फाटकावरची पाटी वाचून परत जात होती.

बाबांना अजून सांगितलं नाही. उद्या.

रविवार, २८ मे

सांगितलं बाबांना. सगळं. खोटं बोलले तेही. खिडकीशी खुर्चीत होते, ब्लँकेट गुडघ्यावर. म्हटलं, "तुमची खेप गेली बाबा, माझ्यामुळे."

ब्लँकेट वर ओढलं. म्हणाले, "त्यांनी ऐकलं तुझं?"

"हो."

"क्रॅडकने नाही ऐकलं माझं. खांब कुजलेत म्हणून ऑक्टोबरात सांगितलं, जानेवारीत सांगितलं. म्हणे, डांबर लावलंय, ठणठणीत आहे, ईस्टरला चालू करतोय. लोक बसले असते, पोरी. लेकरं." बोटांनी खुर्चीचा हात ठोकत होते. "थांबवणं एवढंच माझं काम. हाताने थांबेना. मग रॉकेलचा डबा घेतला."

चहा थंड झाला.

लिंडसे सहाला खडखडीवरून घरी जाते. पावणेसहा वाजलेत. वही मिटते. तिच्या बापाचं तिला सांगायला आता तरी वेळेवर पोचायला पाहिजे.