विहिरीच्या गाण्याच्या दोन तबकड्या

७ जानेवारी १९७९

तीन मिनिटं. गिरगावातल्या त्या रेकॉर्डी जमवणाऱ्या म्हाताऱ्याने मोजून तीन मिनिटं ऐकू दिलं आणि तबकडी परत कपाटात. वर माझ्यादेखत कुलूप लावलं. मी काय चोर आहे?

विकणार नाही म्हणाला. बदल्यात माझ्या बारा रेकॉर्डी देतो म्हटलं, तरी नाही.

पण ऐकलं. आत्याचं विहिरीचं गाणं. बाबांच्या आंबेडकरी जलशाची ती एकच रेकॉर्ड निघाली, १९३८ साली. माझ्याकडे तीच आहे, लेबल तेच, नंबर तोच, इंग्रजीत नावही तेच – भीमाबाई, पोशीर. फरक एवढाच की लेबलाजवळच्या गुळगुळीत जागेत बारीक आकडा कोरलाय. माझ्यावर २, त्याच्यावर १. म्हणजे त्याची पहिली छाप आणि माझी दुसरी.

आणि आवाजात जमीन-अस्मानाचा फरक! 'घागर माझी रिकामी, पाणी कुणाच्या बापाचं' – त्यातलं 'बापाचं' असं येतं की समोरच्याने दोन पावलं मागे सरावं. घरी येऊन माझी लावली. मडक्यात तोंड घालून गायल्यासारखी. कंपनीने घासलेल्या साच्यातून छापली असणार. कोण विचारणार? जलशातली बाई. पोशीरची. आमच्यातली.

ती एक नंबरची मला पाहिजे.

९ जानेवारी

माझी रेकॉर्ड रिठ्याच्या पाण्याने धुतली. सुई बदलली, दोन-तीन जाडीच्या लावून पाहिल्या. अँप्लिफायर मी हाताने बांधलेला, त्यात खोट नाही. दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजला बसून मी आवाजच ऐकतो. खोपोलीचा कोण, नेरळचा कोण, 'हॅलो' म्हणायच्या आत ओळखतो. माझ्या कानाला कुणी शिकवू नये.

रेकॉर्ड मेलेलीच आहे.

१४ जानेवारी

पोशीरला गेलो. चावीचा ग्रामोफोन उचलून नेला. आत्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. लावून दाखवली. म्हटलं, "ऐक, तुझं काय केलंय कंपनीनं. ही तू नाहीसच आत्या. गळा दाबून गायला लावल्यासारखी आहे. खरी तू त्या दुसऱ्या छापेत आहेस."

तिने सूप खाली ठेवलं नाही. "कशाला उकरतोस रं जुनं," एवढंच.

"जुनं? तुझा आवाज आहे तो."

"गायले त्ये गायले. झालं."

उठून शेळीला पाला टाकायला गेली. रेकॉर्ड अजून वाजत होती.

बाबा गेल्यापासून हिला कशाचं काही नाही. जलसा बंद पडला तशी ही कधी गायलीच नाही. मी जन्मल्यापासून तिच्या तोंडून एक ओळ ऐकलेली नाही. पाळण्यापाशीसुद्धा नाही. आणि जो भाचा तिच्यासाठी मुंबई पालथी घालतोय, त्याला विचारते, कशाला उकरतोस!

२ फेब्रुवारी

कंपनीला पत्र पाठवलं होतं, त्याचं उत्तर आलं. चार ओळी. जुन्या जलशांची एक मोठी रेकॉर्ड काढायचा विचार आहे, आमच्याकडे सदर गाण्याची २ क्रमांकाची प्रत आहे, तीच घेऊ. अधिक चांगली प्रत असल्यास आणून दाखवावी.

म्हणजे ही मडक्यातली भीमाबाई आता महाराष्ट्रभर ऐकवणार. आणि लोक म्हणणार, ठीक आहे, गायची बरी.

मी होऊ देणार नाही.

११ फेब्रुवारी

मिळाली. पण डोकं अजून तापलेलं आहे. सगळं लिहून काढतो.

आमच्या लाइनमन काळूरामने सांगितलं होतं, चौक गावात हायवेवर पदूचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, मागेच घर, आणि घरात भिंतीवर हार घातलेली रेकॉर्ड. आज एसटीने गेलो. पदू पन्नाशीचा. जय भीम केला, हात पुसत आत घेऊन गेला. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खिळ्याला पातळ कापडाची पिशवी, तिला झेंडूचा हार. पिशवीतून काढली. तेच लेबल. उजेडात धरली – १!

आकडा पुन्हा बोटाने चाचपून पाहिला.

कॉटवर त्याची आई. सत्तरीची, दमेकरी. म्हणाली, "जपून रं बाबा. माजी रिकाट हाय ती."

म्हटलं, तुमची म्हणजे?

"मी गायलेली. इहिरीचं गानं."

मी सांगितलं, मी पोशीरच्या श्रीपतचा मुलगा, नामा. म्हातारीचा चेहराच उजळला. जवळ बोलावलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला. "श्रीपतचा तू? ह्या गंगाबाईचं नाव घेत व्हता का कधी?"

बाबांनी कधीच घेतलं नव्हतं. तसं सांगितलं. मग म्हटलं, हे गाणं माझ्या आत्याचं आहे. लेबलावर नाव आहे.

"माजं नाव हाय. तुज्या बापानंच वाचून दावलं मला. गंगाबाई लिवलंय."

पदू चौथी शिकलेला, इंग्रजी येत नाही. माझ्याकडे बघत होता. मी अक्षरावर बोट ठेवून वाचलं. भी–मा–बा–ई. दोनदा वाचलं. पदूला बोट धरून अक्षरं दाखवली. मागे सूर धरणाऱ्या झिलकरणींत उभी असेल ही, आणि चाळीस वर्षं गावाला सांगत बसली, मी गायले! रागाने मी म्हणालो, "तुमचं असेल तर गाऊन दाखवा."

तिने खरंच तोंड उघडलं. 'घागर माझी' पर्यंत आली आणि खोकला. भाता फाटल्यासारखा आवाज. मी म्हटलं, "झालं."

पदू आईकडे बघेना. बाहेर एक ट्रकवाला त्याला हाका मारत होता, तरी हलला नाही.

मग म्हातारीच म्हणाली, "घिऊन जा. माजी नसंल तर माज्या भिताडाला कशाला?"

हार काढून बाजूला ठेवला आणि तबकडी माझ्या हातात दिली. मी घेतली. का घेऊ नये? आत्याची आहे.

१२ फेब्रुवारी

रजा टाकली. दोन्ही एकामागून एक, सकाळपासून पंचवीसेक वेळा.

एक नंबर: श्वास ऐकू येतो. तिसऱ्या कडव्याआधी बाई छाती भरून घेते, तो आवाजसुद्धा रेकॉर्डमध्ये आहे. 'पाणी'मधला 'णी' लांबवत नाही, तोडते. दोन नंबर: 'णी' लांबतो, थरथरतो, खाली येतो. भ्यालेल्या माणसासारखा.

हेही लिहून ठेवतो – एकमध्ये हलगी गाण्याच्या आधी सुरू होते. दोनमध्ये बाई आधी, हलगी मागून. छाप घासली तर आवाज घासेल, हलगी मागे कशी जाईल?

आमची ही, विमल, भाकऱ्या थापताना ऐकत होती. म्हणाली, "त्या चौकच्या म्हातारीनं चाळीस वर्षं हार घातला. खोट्याला कोण एवढा हार घालतं हो?"

म्हटलं, तुला यातलं कळत नाही. ताट ढकलून उठलो.

२५ फेब्रुवारी

गिरगावच्या म्हाताऱ्याला विचारून आलो. हसला माझ्यावर. म्हणे, एवढ्या रेकॉर्डी जमवल्यात आणि हे ठाऊक नाही? १ आणि २ ही छाप नव्हे. गाणं दोनदा गाऊन घ्यायचे. पहिल्यांदा गायलेलं १, दुसऱ्यांदा गायलेलं २. एकाचा साचा तुटला की दुसरी विकायला काढायचे, लेबल तेच.

त्याच्या हसण्याचा राग आला. नंतर माझाच आला, दीड महिना छाप छाप करत बसलो त्याचा. आणि मग कंपनीचा. आत्या पहिल्यांदा वाघिणीसारखी गायली, मग तिला दमवून पुन्हा उभी केली, आणि लोकांपुढे ठेवली ती दमलेली. बाबांनी कसं चालवून घेतलं?

१८ मार्च

विहारात कमिटीची बैठक झाली. ठरलं. १४ एप्रिलला जयंतीच्या सभेत एक नंबर लाउडस्पीकरवर लावायची आणि आत्याचा सत्कार करायचा. दुसऱ्या दिवशी मी तीच तबकडी कंपनीला नेऊन देणार.

पोशीरला जाऊन सांगितलं. आत्या म्हणाली, "मी येनार नाय."

"का?"

"पाय दुकत्यात."

गाडी करतो म्हटलं. तरी नाही. "चौकच्या गंगाबाईकडून आणली रेकॉर्ड. म्हणत होती, तिनं गायलंय. तिचं तोंड बंद करून आलोय," मी सांगितलं. मला वाटलं, खूश होईल.

हातातला तांब्या तसाच धरून बसली. "ती हाय अजून?"

"आहे. दमेकरी."

"काय म्हनाली?"

"काय म्हणणार? नाव वाचून दाखवलं. गप्प बसली."

आत्याने तोंड फिरवलं. मी अर्धा तास बोलत होतो. शेवटी ओरडलो, "तुला तुझ्याच आवाजाची लाज वाटते का?" शेजारची माणसं दारात आली. तसाच निघालो.

२ एप्रिल

आत्याचा निरोप आला. येते म्हणाली. बस, एवढंच पाहिजे होतं.

१४ एप्रिल

वाजली! कर्णे थेट स्टेशनपर्यंत लावले होते. 'पाणी कुणाच्या बापाचं' आलं आणि सगळ्या माना कर्ण्याकडे वळल्या. मागे उभी असलेली पोरं पुढे येऊन बसली. म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. पुन्हा लावा, पुन्हा लावा. तीनदा लावली. मी माइकवर सांगितलं, ही आमची आत्या, भीमाबाई, इथेच बसली आहे, आणि कंपनीने चाळीस वर्षं हिचा खरा आवाज दाबून ठेवला.

टाळ्या. आत्या उठली. व्यासपीठाकडे यायच्या ऐवजी बायांमधून वाट काढत मागल्या अंगाने निघून गेली. शाल माझ्या हातात. दोनशे माणसं बघताहेत. अध्यक्ष म्हणाले, म्हातारं माणूस, भारावून गेलं.

भारावून नाही. मला खाली बघायला लावायचं होतं तिला. तीन महिने धावलो ते हिच्यासाठी. आता बोलणार नाही हिच्याशी.

१५ एप्रिल

आत्या पोशीरला गेलीच नव्हती. सकाळी आमच्या स्वयंपाकघरात, विमलजवळ बसलेली. मी तबकडी पिशवीत घालून मुंबईला निघालो होतो. म्हणाली, "बस. दोन्ही लाव."

लावल्या. एक नंबर सरली तेव्हा म्हणाली, "ही गंगा." दोन नंबर सुरू झाली. "ही मी. मडक्यातली."

मी सुई उचलली आणि ती सांगत गेली.

नाव आधीच लिहून दिलं होतं बाबांनी. गंगाबाई नवऱ्याने टाकलेली. तिचं नाव रेकॉर्डवर नको, जलशाला बट्टा लागेल, घरातलं नाव असू दे. जलशासाठी सगळ्यांच्या हक्कांचं लिहिणारे माझे बाबा! गंगाबाई गायली. कंपनीच्या सायबाने आणखी एकदा मागितलं, तेव्हा तिला खोकला सुटला होता. मग बाबांनी आत्याला पुढे ढकललं. वीस वर्षांची. "पाय लटलटत व्हते माजे. तू बरूबर वळखलंस, भ्यालेलीच व्हते." रेकॉर्ड आल्यावर गंगाबाईने विचारलं, माझं नाव कुठाय? बाबांनी भीमाबाईवर बोट ठेवून गंगाबाई वाचलं. ती जलसा सोडून जाऊ नये म्हणून. "मी शेजारीच हुबी व्हते. बोलले नाय. मंग गायलेच नाय कधी."

विमल आत्याचा हात धरून बसली होती. मी गिरगावच्या म्हाताऱ्यावर चिडलो, कंपनीवर चिडलो, हिच्यावर चिडलो. आणि दिवसभर आवाज ओळखण्याचा पगार खातो मी.

१६ एप्रिल

चौकला गेलो. पदू टायरमध्ये हवा भरत होता. मान वर केली नाही, जय भीमही नाही. मी आत जाऊन तबकडी गंगाबाईच्या मांडीवर ठेवली. सगळं सांगितलं, बाबांनी खोटं वाचलं तेही. कंपनीला पत्र टाकतो, नाव बदलून घेतो म्हटलं.

ती तबकडीवरून हात फिरवत होती. म्हणाली, "श्रीपत खोटं वाचतोय, त्ये मला तवाच कळलं व्हतं रं. पदूला ठाव नव्हतं."